टाईल ॲडहेसिव्ह: कोणतं घ्यायचं, किती घ्यायचं आणि लावताना काय बघायचं

घराचं काम काढलं की टाईल निवडायला आपण चार-चार दुकानं फिरतो. इन्स्टावर रील्स बघतो, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकतो, मॅट की ग्लॉसी यावर घरात दोन दिवस वाद चालतो. पण ती टाईल भिंतीला कशाने चिकटणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो मिस्त्रीचा विषय. दुकानदार म्हणतो, "सोबत ॲडहेसिव्ह देऊ का?" आपण म्हणतो, "द्या." मग तो जी बॅग स्टॉकमध्ये असेल ती देतो.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, सिव्हिल इंजिनिअर नाही. पण गेल्या वर्षी आई-बाबांच्या घरातली दोन्ही बाथरूम आणि किचन नव्याने करून घेतलं, तेव्हा सवयीप्रमाणे प्रत्येक बॅगेची डेटाशीट वाचत बसलो. मिस्त्री हसले, बाबा वैतागले. पण जे हाती लागलं ते कामाचं आहे, म्हणून हा लेख. तुमच्याकडेही घराचं काम निघालं, तर घरातला 'मोबाईलवर बघून सांग रे' हा माणूस बहुतेक तुम्हीच असणार.

आधी हे सगळं कशासाठी, ते एका आकड्यात सांगतो. ५ बाय ७ फुटांचं एक छोटं बाथरूम घ्या, ७ फूट उंचीपर्यंत टाईल. दरवाजा वजा करून भिंतींचं क्षेत्रफळ साधारण १५० चौरस फूट होतं, म्हणजे १४ चौरस मीटर. ९ मिलिमीटर जाडीची व्हिट्रिफाईड टाईल चौरस मीटरला अंदाजे २१ किलो भरते. म्हणजे अंघोळ करणाऱ्या माणसाच्या चारही बाजूंना जवळजवळ तीनशे किलो माल लटकलेला असतो. त्यातली २ बाय ४ फुटांची एकच टाईल १५ किलोची असते. ती डोक्याच्या उंचीवरून सुटली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

सिमेंट-रेतीचा माल आता का पुरत नाही?

"आम्ही तीस वर्षं सिमेंटवरच लावतोय, कधी पडली नाही." हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. आणि ते खोटं नसतं. फरक टाईलमध्ये पडलाय.

जुन्या छोट्या सिरॅमिक वॉल टाईल्स पाणी पितात. त्यांचं पाणी शोषण्याचं प्रमाण वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त असतं. म्हणूनच मिस्त्री त्या आधी बादलीत भिजवून ठेवायचे, नाहीतर कोरडी टाईल मालातलं सगळं पाणी ओढून घेते आणि सिमेंट कच्चं राहतं. टाईलच्या मागच्या बारीक छिद्रांत सिमेंटचं पाणी शिरायचं, तिथेच त्याचे स्फटिक तयार व्हायचे आणि टाईल एखादं झाड मुळं धरतं तशी पकड धरायची.

व्हिट्रिफाईड टाईल जास्त तापमानाला, जास्त दाबाखाली बनते. तिचं पाणी शोषण्याचं प्रमाण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी. मागची बाजू जवळजवळ काचेसारखी बंद. सिमेंटला शिरायला छिद्रच नाही, मग मुळं धरणार कुठे? त्यात आकार वाढला. पूर्वी ८ बाय १२ इंचांची टाईल मोठी वाटायची. आता मोरबीहून येणारी २ बाय ४ फुटांची टाईल सर्रास बाथरूमच्या भिंतीवर चढते. टाईल मोठी, जड आणि पाणी न पिणारी. माल मात्र तोच जुना. घोळ इथे आहे.

बॅगेत असतं तरी काय?

बॅग उघडली तर दिसते राखाडी किंवा पांढरी पावडर. तिच्यात सिमेंट असतं, चाळलेली बारीक वाळू असते, म्हणजे नेहमीचाच माल. खरी कमाल उरलेल्या थोड्याशा रसायनांची आहे.

पहिलं, सेल्युलोजपासून बनवलेलं एक द्रव्य. ते पाणी धरून ठेवतं. त्यामुळे ३ मिलिमीटरच्या पातळ थरातलं पाणीही लगेच उडून जात नाही, भिंत ते पिऊन टाकत नाही आणि सिमेंटला पक्कं व्हायला वेळ मिळतो. दुसरं, पॉलिमरची पावडर. ही मुळात फेव्हिकॉलच्या कुळातली चीज, फक्त सुकवून पावडर केलेली. पाण्यात मिसळली की पुन्हा द्रवात विखुरते आणि थर वाळला की सिमेंटच्या कणांमध्ये बारीक लवचिक जाळं विणते. अशी पावडर जर्मनीच्या वाकर कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणली, आणि कोरडं ॲडहेसिव्ह गोणीत भरून विकता येऊ लागलं ते त्यामुळे.

महाग आणि स्वस्त बॅगेतला मोठा फरक या पॉलिमरच्या प्रमाणाचा असतो. सिमेंट दोघांतही असतं.

बॅगेवरचे कोड कसे वाचायचे

भारतात टाईल ॲडहेसिव्हसाठी आयएस १५४७७ हे मानक आहे. ते २००४ चं, २०१९ मध्ये सुधारलेलं. बॅगेवर 'टाईप १', 'टाईप २' असं जे छापलेलं असतं ते यातूनच आलं. काम जसं अवघड होत जातं तसा टाईपचा आकडा वाढतो. आतल्या फरशीवर साधी सिरॅमिक असेल तर टाईप १. व्हिट्रिफाईडला टाईप २ पासून पुढे. मोठे आकार, दगड, बाहेरची भिंत याला टाईप ३. जुन्या टाईलवर नवी टाईल किंवा काचेची मोझॅक असल्या हट्टी कामांना टाईप ४. ही ढोबळ वाटणी आहे. नेमकं कुठे चालेल ते त्या बॅगेच्या डेटाशीटमध्ये 'कुठे वापरावे' या भागात लिहिलेलं असतं, आणि शेवटचा शब्द त्याचाच.

बऱ्याच बॅगांवर युरोपीय पद्धतीचा कोडही असतो: सी१, सी२टीई, सी२टीईएस१ वगैरे. बघायला पासवर्डसारखा वाटतो, पण वाचायला सोपा आहे. 'सी' म्हणजे सिमेंटचं. १ म्हणजे किमान पकड दर चौरस मिलिमीटरला ०.५ न्यूटन, २ म्हणजे १ न्यूटन. 'टी' म्हणजे उभ्या भिंतीवर टाईल घसरत नाही. 'ई' म्हणजे ओपन टाइम वाढवलेला, किमान ३० मिनिटं (नेहमीचा २० धरतात). 'एफ' म्हणजे लवकर सेट होणारं. एस१ आणि एस२ म्हणजे लवचिक. थर थोडा वाकला तरी तडकत नाही, आणि एस२ एस१ पेक्षा जास्त वाकतं.

बॅगेवर आयएसआयचा शिक्का असेल तर त्याखाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, चालू आहे की नाही, हे दिसतं. दुकानात उभं राहून अर्ध्या मिनिटाचं काम. सोबत बनवल्याची तारीखही बघा. ही सिमेंटची पावडर आहे. पावसाळ्यात जमिनीला टेकवून ठेवलेली जुनी गोणी दमट होते, हात लावला की खडे जाणवतात. असली गोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

मग माझ्या कामाला कोणतं?

तीन गोष्टी ठरवा: टाईल कोणती, मागे पृष्ठभाग कोणता, जागा कशी. ब्रँड चौथा. बाजारात रॉफ, लॅटिक्रीट, वेबर अशी बरीच नावं आहेत आणि प्रत्येकाकडे साध्यापासून भारीपर्यंत सगळ्या बॅगा आहेत. त्यामुळे 'अमुक ब्रँड चांगला का?' हा प्रश्न अर्धवट आहे. त्याच ब्रँडची सगळ्यात स्वस्त बॅग तुमच्या भिंतीला चुकीची असू शकते.

आतली फरशी आणि २ बाय २ ची व्हिट्रिफाईड असेल तर सी१ वर्गातलं, व्हिट्रिफाईडसाठी चालेल असं लिहिलेलं टाईप २ साधारणपणे पुरतं. बाथरूमच्या भिंतीला २ बाय ४ असेल तर मी सी२टीई च्या खाली जाणार नाही. गच्ची, बाल्कनी, बाहेरची भिंत, जिथे दिवसा ऊन आणि रात्री गारवा, तिथे एस१ हवंच.

पृष्ठभागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. नव्या फ्लॅटमध्ये आतल्या भिंतींना बऱ्याचदा जिप्सम प्लास्टर असतं. जिप्सम आणि सिमेंट ओल्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते, मध्ये फुगणारे स्फटिक तयार होतात आणि पकड सुटते. म्हणून जिप्समवर आधी प्राइमर, आणि बाथरूम असेल तर जिप्सम काढून सिमेंटचं प्लास्टर. रंगवलेल्या भिंतीवर लावलं तर टाईल रंगाला चिकटते, भिंतीला नाही. रंग खरवडून काढावाच लागतो. नवं सिमेंट प्लास्टर असेल तर साधारण २८ दिवस जाऊ द्या. ते वाळताना आकसत असतं, आणि आकसणाऱ्या भिंतीवर न आकसणारी टाईल लावून ठेवणं म्हणजे भांडण लावून देण्यासारखं.

प्लायवूड किंवा लोखंडी फ्रेमवर सिमेंटचं ॲडहेसिव्ह लावू नका. तिथे इपॉक्सी किंवा पीयू प्रकारचं लागतं. पांढऱ्या संगमरवराला पांढरंच ॲडहेसिव्ह घ्या, राखाडी आतून सावलीसारखं दिसतं. हिरव्या संगमरवराचे काही प्रकार पाण्याने वाकतात, त्यांनाही इपॉक्सी.

जुन्या टाईलवर नवी टाईल लावायची असेल (मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये तोडफोड, धूळ आणि सोसायटीची परवानगी टाळायला बरेच जण हेच करतात) तर आधी जुनी टाईल वाजवून बघा. पोकळ वाजणाऱ्या सगळ्या काढा आणि खड्डे भरा. साबणाचा, तेलाचा थर धुऊन काढा, ग्लेझ ग्राइंडरने खरबरीत करा. आणि दरवाजा! फरशी १२-१५ मिलिमीटरने वर येते, दरवाजा खालून कापावा लागतो. हे सगळ्यांना काम झाल्यावर आठवतं.

एक गैरसमज इथेच मोडतो: ॲडहेसिव्ह म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही. ते पाण्यात टिकतं, पण पाणी अडवत नाही. खालच्या फ्लॅटमधल्या काकू छत दाखवायला बोलावणार असतील तर उपाय टाईलच्या खाली, वॉटरप्रूफिंगच्या थरात करावा लागतो.

किती बॅगा लागतील?

वाळलेल्या पावडरचा हिशोब असा: १ चौरस मीटर जागेत १ मिलिमीटर थराला साधारण १.३ ते १.५ किलो. फरशीच्या नेहमीच्या कामात थर ३ मिलिमीटर बसतो, म्हणजे चौरस मीटरला चार-साडेचार किलो. २० किलोची बॅग पन्नास चौरस फुटांना पुरते. मोठ्या टाईलला थर ५ मिलिमीटरच्या आसपास जातो, तेव्हा तीच बॅग ३० चौरस फुटांवर संपते. वरच्या बाथरूमच्या १५० चौरस फूट भिंतीला २ बाय ४ ची टाईल असेल तर ५ बॅगा, तीनमध्ये भागणार नाही. कोणी तीनमध्ये भागवून दाखवलं, तर टाईलच्या मागे पोकळी राहिली असं समजा.

महाग वाटतं? समजा एक बॅग दुसरीपेक्षा ३०० रुपयांनी महाग आहे. पाच बॅगांना फरक पडला १५०० रुपये. भिंतीवरच्या टाईलची किंमत आणि मजुरी शेजारी लिहून बघा, मग ठरवा.

सिमेंटचा जाड थर वाचतो हाही फायदा आहे. फरशीखाली ४० मिलिमीटर माल घातला तर चौरस मीटरला ८० किलोच्या आसपास वजन स्लॅबवर येतं. ॲडहेसिव्हच्या थराचं वजन त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही होत नाही. पण त्यासाठी खालचा पृष्ठभाग सपाट हवा. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी ठेवून खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसत असेल तर आधी भिंत किंवा फरशी दुरुस्त करा. दोन सेंटिमीटरचा खड्डा ॲडहेसिव्हने भरणं हा उपाय नाही, तो जाड थर आकसतो.

गोळ्यांची गोष्ट

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाईलच्या मागे चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवायचे, टाईल भिंतीला दाबायची, हातोडीने ठोकून ओळंब्यात आणायची. ही पद्धत इतकी रुळली आहे की महागातलं ॲडहेसिव्ह आणून दिलं तरी काही मिस्त्री त्याचेही गोळेच ठेवतात.

आणि टाईल चिकटते. लगेच चिकटते. मिस्त्री तुम्हाला ती ओढून दाखवतील, "बघा, निघते का!" नाही निघणार. कारण कच्चा हिशोब केला तर सी१ ची पकड म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाच किलो. २ बाय ४ च्या टाईलचं क्षेत्रफळ ७२०० चौरस सेंटिमीटर. पूर्ण चिकटली तर कागदावर ३६ टन. टाईल आहे १५ किलोची. म्हणजे पाच टक्के जागा चिकटली तरी वजन सहज पेललं जातं. मग टाईल्स पडतात कशाला?

कारण वजन हा तिचा शत्रूच नाही. शत्रू आहे हालचाल. काँक्रीट वर्षानुवर्षं थोडं थोडं आकसत राहतं. तापमान बदललं की काँक्रीट आणि टाईल वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. ४ मीटर लांबीच्या गच्चीवर तापमानात ४० अंशांचा फरक पडला (विदर्भातली मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट आठवा) तर टाईल साधारण १ मिलिमीटर हलते आणि काँक्रीट पावणेदोन. हा पाऊण मिलिमीटरचा फरक मधल्या थराला रोज थोडा थोडा सोसावा लागतो. थर सगळीकडे सारखा असेल तर ताण वाटला जातो. पाच गोळे असतील तर सगळा ताण त्या पाच ठिकाणी येतो. एक सुटतो, मग त्याचा वाटा शेजारच्यावर. एखादा सर्व्हर बंद पडला की त्याचं ट्रॅफिक बाकीच्यांवर जातं आणि तेही एकेक करून झोपतात, अगदी तसंच. म्हणून टाईल पहिल्या दिवशी पडत नाही, तीन-चार वर्षांनी पडते. तोवर मिस्त्री गावी गेलेले असतात आणि फोन नंबर बदललेला असतो.

मधल्या पोकळीत पाणी साठतं ते वेगळंच. बाथरूममध्ये त्याने वास येतो, ग्राउट काळं पडतं. आणि फरशीवर पोकळ कोपऱ्यावर पाटा-वरवंटा पडला की टाईल तडकलीच.

म्हणून आकडा लक्षात ठेवा: कोरड्या आतल्या जागेत टाईलच्या मागे किमान ८० टक्के, आणि बाथरूम, गच्ची, बाहेरची भिंत इथे ९५ टक्के जागा भरलेली हवी.

ते कसं साधायचं? दातेरी थापीने, जिला दुकानात नॉच ट्रॉवेल म्हणतात. काही शे रुपयांत मिळते. मिस्त्रींकडे नसेल तर स्वतः आणून द्या. २ बाय २ पर्यंतच्या टाईलला ६ मिलिमीटरचे दात, मोठ्या टाईलला १० किंवा १२ चे. दाबल्यावर थर दाताच्या उंचीच्या जवळपास निम्मा उरतो. आधी थापीच्या सपाट बाजूने भिंतीवर पातळ थर घासून बसवायचा, मग दातांनी रेघा ओढायच्या. रेघा सरळ, एकाच दिशेने. गोल-गोल नक्षी दिसायला छान दिसते, पण तिच्यात हवा अडकते. सरळ रेघांमधून ती बाहेर पडते. टाईल टेकवल्यावर रेघांच्या आडव्या दिशेने थोडी मागे-पुढे सरकवत दाबायची, म्हणजे रेघा एकमेकींवर पडून भरतात. २ बाय ४ ला टाईलच्या मागेही एक पातळ हात फिरवायचा.

त्याआधी टाईलची मागची बाजू ओल्या स्पंजने पुसून घ्या. भट्टीत चिकटू नये म्हणून लावलेली पांढरी भुकटी बऱ्याच टाईल्सच्या मागे असते. बोटाला लागते ती हीच. ती राहिली तर सगळं ॲडहेसिव्ह भुकटीला चिकटतं. आणि टाईल भिजवायची नाही. ती सवय जुन्या मालाची आहे.

पहिल्या दोन-तीन टाईल्स लावल्या की एक लगेच उचलून मागे बघा. मागे रेघा रेघा दिसत असतील तर दात मोठे घ्या किंवा जास्त दाबा. पूर्ण माखलेली दिसली तर पुढे चला. पूर्ण कामात एवढी एकच तपासणी करायची असेल तर ही करा.

पाणी आणि घड्याळ

बॅगेवर पाण्याचं माप लिहिलेलं असतं. २० किलोला किती लिटर, ते ब्रँडप्रमाणे बदलतं. मापाची बाटली वापरा, अंदाज नको. आधी पाणी, मग पावडर, मिक्सर लावलेल्या ड्रिलने कालवायचं. पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे पॉलिमर आणि सेल्युलोज नीट भिजतात, आणि पुन्हा एकदा फिरवायचं. घमेल्यातला माल आळला की वरून पाणी ओतून सारखा करणं ही सगळीकडची सवय; ॲडहेसिव्हमध्ये असं केलं की पकड गेली. आळलं तर फेकायचं. म्हणून एका वेळी थोडंच कालवा.

दोन वेळा वेगवेगळ्या असतात आणि त्यांची गल्लत होते. घमेल्यात माल किती वेळ वापरता येतो ती एक. भिंतीवर पसरल्यावर टाईल किती वेळात टेकवायची तो ओपन टाइम, ही दुसरी, आणि खरी हीच. बॅगेवरची वीस-तीस मिनिटं प्रयोगशाळेतली आहेत. एप्रिलमध्ये, पंखा चालू, खिडकीतून वारा, अशा वेळी दहा मिनिटांतही वर साय धरते. तपासायला बोट टेकवा: बोटाला माल लागला तर ठीक, नुसताच ठसा उमटला आणि बोट कोरडं निघालं तर खरवडून काढा आणि नवा थर द्या. एका वेळी दोन-तीन टाईल्सपुरतंच पसरलं तर ही वेळ येतच नाही.

टाईल लावल्यावर चोवीस तास पाय ठेवायचा नाही, ग्राउटही त्यानंतरच. आणि वरून पाणी मारायची गरज नाही. "सिमेंट आहे, पाणी मारलंच पाहिजे" असं घरातले मोठे सांगतील. बॅगेत पाणी धरून ठेवणारं द्रव्य त्यासाठीच घातलेलं असतं, हे त्यांना समजावून सांगा.

आणखी एक. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, कातडी भाजते. कोरड्या पावडरच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाते. आपल्याकडे मिस्त्री आणि त्यांचा हेल्पर उघड्या हातांनी, तोंडाला रुमालही न बांधता हे दिवसभर कालवतात. बॅगा आणताना रबरी हातमोजे आणि चार मास्क आणा. पाच बॅगांच्या खर्चात ते दिसणारसुद्धा नाहीत.

जॉइंट नको, असं म्हणू नका

'जॉइंट दिसायला नको' ही मागणी मिस्त्रींची नसते, आपली असते. टाईलला टाईल भिडवली की हालचालीला जागाच उरत नाही, आणि मग एखाद्या दिवशी हॉलच्या मधोमध दोन टाईल्स तंबूसारख्या उभ्या राहतात. आमच्या सोसायटीतल्या एका घरात रात्री असा आवाज झाला की त्यांना सिलिंडर फुटल्यासारखं वाटलं. आतमध्ये किमान २-३ मिलिमीटरचे स्पेसर घाला, टाईलच्या रंगाचं ग्राउट भरा. दोन दिवसांनी जॉइंट कुठे आहे ते शोधावं लागतं. फरशी भिंतीला जिथे भेटते तिथे फट मोकळी सोडा, स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. मोठ्या हॉलमध्ये सहा-सात मीटरवर, आणि उन्हातल्या गच्चीवर अडीच-साडेतीन मीटरवर, एक जॉइंट ग्राउटऐवजी सिलिकॉन किंवा पीयू सीलंटने भरायचा. तो रबरासारखा दबतो.

मिस्त्रींशी कसं बोलायचं

पंचवीस वर्षांच्या पोराने पन्नास वर्षांच्या कारागिराला मोबाईल दाखवून शिकवायला जाणं, हे कोणालाही आवडत नाही. मलाही कोणी कोड न बघता कोड शिकवला तर आवडत नाही. शिवाय त्यांची अडचण खरी असते: गोळ्यांवर टाईल पटकन ओळंब्यात येते, पूर्ण थरावर भिंत आधी सपाट करावी लागते, दिवसाला कमी टाईल्स लागतात. दर चौरस फुटाने ठरला असेल तर त्यांची मजुरी बुडते. म्हणून हे काम सुरू व्हायच्या आधी, दर ठरवतानाच बोला. "मामा, गोळे नको, पूर्ण थर हवा, दातेरी थापी मी देतो, त्याचा दर काय लावाल?" आमच्या मिस्त्रींनी थोडा दर वाढवून मागितला, तो बाबांनी दिला, आणि पुढे एकदाही आठवण करून द्यावी लागली नाही.

काम झाल्यावर

आठवड्याने, ॲडहेसिव्ह नीट पक्कं झाल्यावर, नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक टाईल वाजवा: चार कोपरे आणि मध्य. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक कानाला लगेच कळतो. जिथे पोकळ वाजेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि पूर्ण भिंतीचा फोटो काढा. मिस्त्रींचा शेवटचा हप्ता यानंतर.

एखाद्या टाईलचा छोटासा कोपरा पोकळ निघाला आणि ती आतल्या कोरड्या फरशीवर असेल, तर मी ती सोडून देईन, फक्त लक्ष ठेवीन. बाथरूमच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, अर्धी टाईल पोकळ वाजत असेल तर ती काढून पुन्हा लावून घ्या, कितीही वाद झाला तरी. ओळीने तीन-चार पोकळ निघाल्या तर बहुतेक त्या पट्ट्यात माल साय धरून गेला होता; शेजारच्याही नीट तपासा.

वापरलेल्या बॅगेचा पुढून-मागून फोटो, बॅच नंबर दिसेल असा, बिलासोबत ड्राइव्हवर ठेवा. आणि त्याच लॉटच्या पाच-सहा टाईल्स माळ्यावर टाकून द्या. चार वर्षांनी तीच शेड दुकानात मिळत नाही.